न दिसणारा सांधा

१

मी सिनेमे कापतो. नातेवाइकांना सांगताना शोभना म्हणते, "सूर्यकांत मीडियात आहे," पण काम एवढंच. कुठून कुठून घाऊक भावात आणलेले जुने सिनेमे आमच्याकडे येतात, आणि दुपारी सगळं घर बसून बघू शकेल असे करून मी ते चॅनलकडे पाठवतो. चुंबनं, दारूचे ग्लास, रक्त, लहान मुलाच्या अंगावर येणारं काहीही, हे सगळं जातं. कापण्यात काही शहाणपण नाही, ते कुणीही करेल. शहाणपण सांध्यात असतं. बाईने ओठ पुढे केले आणि पुढच्याच क्षणी ती बसमधून उतरली, तर बघणारा हसतो. पण बसचा आवाज आधीच थोडा मागे ओढून घेतला, तर काही गेलंय याचा त्याला पत्ताही लागत नाही. माझा सांधा दिसत नाही, हे ऑफिसात सगळे कबूल करतात. मला त्याचा गर्व आहे. या वयात दुसरा कशाचा करणार?

त्या आठवड्यात इटालियन खूनकथांचा गठ्ठा आला होता, सगळ्या पन्नासेक वर्षांपूर्वीच्या. घरून काम करायचा दिवस होता. इथे आखातात, अल रीम बेटावरच्या आमच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये पडदे ओढून, कानाला हेडफोन लावून मी बसलो. सिनेमाच्या नावाचा अर्थ साधारण 'जिन्यातलं फुलपाखरू' असा होता. फुलपाखरू शेवटपर्यंत आलं नाही. सगळे पुरुष सिगारेटी ओढत होते, बायका दार उघडायच्या आधीच किंचाळत होत्या, आणि खुनाची वेळ झाली की कॅमेरा खुन्याचे डोळे होऊन एखाद्या लांब कॉरिडॉरमधून चालायला लागायचा. खुन्याचं फक्त काळ्या चामड्याच्या हातमोज्यातलं एक बोट, फार तर एक हात दिसायचा. मी जांभया देत होतो.

तिसरा खून वरच्या मजल्यावरच्या एका घरात होतो. आई दूध आणायला खाली जाते. मुलगी टेबलाशी एकटीच गणितं करत बसलेली. मग कॉरिडॉर. एक दार किंचित उघडं. ते लागू नये म्हणून खाली काहीतरी अडकवलेलं होतं. ते काय आहे ते बघायला मी चित्र थांबवलं. लहान मुलीची रबरी चप्पल होती, निळी, पट्ट्यावर पिवळं फूल.

त्या काळात इटलीत असल्या चपला मिळायच्या? मिळत असतील, म्हणून मी पुढे गेलो. हातमोजा दार ढकलतो, टेबल दिसतं, वहीवर वाकलेलं मुलीचं डोकं दिसतं. एवढं मला पुरे होतं. कॉरिडॉरपासून सगळं काढलं, मुलीच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक पुढच्या प्रसंगावर ओढली आणि सांधा बसवला.

पुढच्या प्रसंगात दारात पोलीस उभे असतात. दुधाची बाटली घेऊन आलेली आई त्यांना कॉफी विचारते. इन्स्पेक्टर म्हणतो, हा तिसरा खून. कुणाचा, ते तो सांगत नाही, आई विचारत नाही, आणि मुलीचं नावही पुन्हा निघत नाही. शेवटी खुनी म्हणून एक डॉक्टर पकडला जातो आणि तो लांबलचक कबुलीजबाब देतो. पण तिसरा खून झाला तेव्हा हा गृहस्थ एका मेजवानीत भाषण करताना आपण धडधडीत पाहिलेला असतो! मग तिसरा कोणी केला? दिग्दर्शकाला फिकीर नव्हती. मला वैताग आला. माझी दुपार फुकट गेली होती.

२

संध्याकाळी बाहेर हॉलमध्ये आलो. शोभनाची दिवेलागणीची तयारी चालली होती. तिचा एक नेम आहे. तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लावायचं आणि तेवढा वेळ घराचं दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी यायची वेळ म्हणून. पुण्यात ठीक होतं. इथे प्रत्येक दाराला आपोआप बंद करणारा लोखंडी दांडा असतो, आगीचा नियमच आहे तसा. म्हणून ती दारात काहीतरी अडकवते. उदबत्ती तर लावताच येत नाही, छतावरचा अलार्म बोंब मारतो.

"लक्ष्मी येणार कशी? तिच्याकडे लिफ्टचं कार्ड आहे का?" मी नेहमीची चेष्टा केली.

"तुझ्यासारख्यांना टाळून जिन्याने येते," तीही नेहमीसारखंच म्हणाली.

आमची ईश्वरी टेबलाशी होमवर्क करत होती. आम्हाला लग्नानंतर फार उशिरा झालेली ही एकच मुलगी. आम्ही दोघं एरवी कितीही भांडलो तरी तिच्या खोलीत जाताना आवाज खाली येतात. तिच्यावर माझा जीव आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"ईशू, दप्तर भरलंस का?"

"Almost, Baba." वर न बघता उत्तर.

मी दाराकडे पाहिलं. फटीत ईश्वरीची चप्पल अडकवलेली होती. निळी, पिवळ्या फुलाची.

त्यात काही नव्हतं. ही चप्पल मी रोज त्याच जागी बघतो. दुपारी कंटाळलेल्या डोक्याने ती पडद्यावर चिकटवली असणार. डोळे असला चावटपणा करतात, आणि माझे तर पडद्यापुढेच गेलेत.

बाहेरच्या कॉरिडॉरमधले दिवे कुणी चाललं तरच लागतात. लिफ्टच्या बाजूने पहिला लागला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. फटीतून कार्पेटवर उजेड आला. कुणीतरी शेजारी घरी आले असतील. मी वाट पाहिली, पण दारावरून कुणी गेलं नाही.

३

"तिसरा खून? तो दाखवलाच नाय ना," मुश्ताक म्हणाला.

आमच्याकडे प्रत्येक सिनेमा दोघांनी बघायचा असतो. मी कापतो आणि मुश्ताक मूळ फाइल शेजारी लावून तपासतो. रत्नागिरीचा माणूस, अजमानहून रोज दुबईच्या ऑफिसला ट्रॅफिकला शिव्या घालत येतो. नजर मात्र घारीची.

"कॉरिडॉर आहे, हातमोजा आहे. मीच कापलंय ते."

"सूर्यकांतभाई, मूळ फाइलमदी पण नाय. पोरगी टेबलावर बसलेली आणि सीधा पोलीस. बघा."

त्याने लावून दाखवलं. मुलगी वहीवर वाकलेली, घड्याळाची टिकटिक, दारात पोलीस. मी माझ्या लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली. तिथेही तेच. टिकटिक पोलिसांच्या प्रसंगावर ओढलेली होती, अगदी मी ओढली होती तशी.

"हे मी केलंय, मुश्ताक."

"तुम्ही कसं करणार? ही फाइल आपल्याला मिळाली तशीच आहे. वल्ला, आधी कुठल्या तरी मुलखात लागलेली असेल, तिथल्या तुमच्यासारख्यानं कापलं असेल." त्याने तो तुकडा कौतुकाने पुन्हा चालवला. "आणि मस्त कापलंय. सांधा कळतच नाय."

"मग मी काल काय बघितलं?"

"तुम्ही काल झोपला असाल. असल्या पिक्चरला झोप नाय येणार तर काय येणार? चला, यल्ला, चहा पिऊ."

चहा पिताना तो त्याच्या अन्वरीबद्दल बोलत होता. गेल्या ईदला आम्ही त्यांच्याकडे शीरखुर्मा खायला गेलो होतो, तेव्हा अन्वरीवहिनींनी ईश्वरीच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. "त्या बांगड्या काढते की नाय पोरगी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, झोपतानासुद्धा नाही. मला बरं वाटलं. झोपलो असेन, असंच मी धरून चाललो.

४

त्या संध्याकाळी शोभनाने काडी ओढली.

मग निरांजनातली वात अर्धी जळालेली होती. शोभनाच्या हातात काडी नव्हती. दार लागलेलं होतं आणि निळी चप्पल रॅकमध्ये जोडीदाराशेजारी नीट ठेवलेली होती.

"दिवे गेले होते का रे?" शोभना गोंधळून म्हणाली.

"इथे कधी दिवे जातात?"

"मग मी चप्पल कधी काढली?"

ईश्वरी पेन्सिल चावत होती. "It skipped," ती म्हणाली.

"काय?"

"It skipped, Baba. Like when the Wi-Fi is bad."

शोभना हसली आणि कणीक मळायला गेली. मीही हसलो. पण मी हेच काम करून पोट भरतो. मधलं काही काढलं की कसं लागतं, ते मला कळतं. फ्रिजची घरघर आधीच्या क्षणातून पुढच्या क्षणात सलग आली होती, कुठेही न तुटता. मी कापलं असतं तर मीही असंच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. मी सोफ्यावर बसून दाराकडेच बघत होतो. बाहेरचे दिवे एकेक करत लागत आले, आणि मग वात अर्धी झालेली. या वेळी ईश्वरीच्या शेजारची खुर्ची बाहेर ओढलेली होती. खुर्चीच्या गादीवर बसल्याचा खळगा होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून येत होता. हॉलमध्ये नव्या चामड्याचा वास होता.

मी ईश्वरीजवळ जाऊन गुडघ्यांवर बसलो. "ईशू, इथे कोण बसलं होतं?"

"I don't know. That part is gone."

"त्याच्या आधी काय पाहिलंस?"

"The lights coming on." मग माझा चेहरा बघून तिने बांगड्यांचा हात माझ्या गालावर ठेवला. "Don't be scared, Baba."

मी घाबरलो होतो. थकवा, चष्म्याचा नंबर, मेंदूचा डॉक्टर, सगळं मनात येऊन गेलं. माझ्या मेंदूत काही बिघाड असता तर मला आवडलं असतं. पण बिघाड माझा असेल, तर शोभनाला वात अर्धी का दिसावी?

५

"संध्याकाळी दार उघडं ठेवू नकोस," मी शोभनाला म्हणालो.

"का?"

काय सांगणार? एका टुकार सिनेमातून काढलेलं काहीतरी आपल्याकडे येतंय, असं? "सिक्युरिटीची नोटीस आहे," मी थाप मारली. "आगीच्या नियमाची."

ती पोळी लाटता लाटता थांबली. "आई गेली तेव्हा मी इथे होते, सूर्यकांत. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिची म्हणून मी एवढी एकच गोष्ट करते."

"थोडे दिवस. माझ्यासाठी."

"बरं." तिचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं, पण मी दार बंद ठेवलं आणि वरून साखळी लावली. पुढच्या संध्याकाळी वात सगळी आमच्यासमोर जळली. एकही क्षण गळला नाही. मी ईश्वरीला मांडीवर घेतलं, एवढी मोठी झालीये तरी. ती म्हणाली, "Baba, you're squishing me."

खलास, मी मनात म्हटलं, संपलं.

६

मुश्ताकचा फोन दुसऱ्या दिवशी आला. सिनेमा संध्याकाळपर्यंत चॅनलला जायला हवा होता. मी बेडरूममध्ये बसलो आणि हेडफोन लावले. ईश्वरी भिंतीपलीकडे हॉलमध्ये गणितं करत होती. शोभना दही आणायला खालच्या सुपरमार्केटमध्ये जाणार होती. जाताना तिने दारातून हात केला, मीही केला.

सकाळी तिने सिक्युरिटीला विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, नोटीस वगैरे काही नाही मॅडम. हे तिने मला नंतर सांगितलं, रागावून नाही, सहज. मी उगाच घाबरतोय असं तिला वाटलं. तिन्हीसांज होत आली होती, निरांजन तिने लावलंच होतं. जाताना तिने साखळी काढली आणि दारात चप्पल सरकवली.

मला सिनेमात तो सांधा पुन्हा बघायचा होता. काढलेलं परत जागेवर ठेवता आलं तर बघावं, असं डोक्यात होतं. सिनेमात असलेलं सिनेमातच राहील, दुसरीकडे जाणार नाही, एवढा साधा हिशेब. मी तो जोड उकलला. मागे मूळ फाइलीत काहीच नव्हतं, म्हणून आताही काही मिळेल अशी आशा नव्हती.

पण होतं. कॉरिडॉर दिसला.

या वेळी कार्पेट आमचं होतं, तपकिरी, लिफ्टपाशी कॉफीचा डाग असलेलं. छतातला पहिला दिवा लागला. मग पुढचा. कॅमेरा घाई करत नव्हता. शेजाऱ्यांच्या दाराबाहेरची सायकल गेली, आमचा नंबर आला. खाली फटीत निळी चप्पल होती. काळ्या मोज्यातला हात पुढे आला आणि त्याने दार ढकललं. आमचा चपलांचा रॅक. निरांजन. टेबल. वहीवर वाकलेलं माझ्या मुलीचं डोकं.

मी उठायला हवं होतं. मध्ये एकच भिंत होती. हेडफोन भिरकावून ओरडलो असतो तरी ऐकू गेलं असतं. पण मी बघत राहिलो, आणि माझे हात कीबोर्डवरच होते.

ईश्वरीने मान वर केली. ती किंचाळली नाही. तिच्या चेहऱ्यावर ओळख होती. काम संपवून मी बेडरूममधून बाहेर आलो की ती ज्या नजरेने माझ्याकडे बघते, त्याच नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं. वही जरा बाजूला सरकवून तिने शेजारच्या खुर्चीसाठी जागा केली. हातमोजा तिच्या केसांकडे गेला. लहान मूल आणि त्याच्या अंगावर येणारा हात. असं दिसलं की काय करायचं, ते माझ्या बोटांना माझ्या आधी कळतं. वर्षानुवर्षं त्यांनी दुसरं केलंय काय?

मी कापलं.

७

फ्रिजची घरघर सलग चालू होती. मी हॉलमध्ये उभा होतो. दारात दोन पोलीस आणि आमचा सिक्युरिटीवाला होता. शोभना दह्याची पिशवी हातात घेऊन त्यांना हिंदीत विचारत होती, "कॉफी लेंगे?"

"किसी ने कम्प्लेंट किया, सर," सिक्युरिटीवाला ओशाळून म्हणाला. "बच्चे की आवाज़ आया, ऐसा बोला."

"बच्चा?" शोभना म्हणाली. "हम तो दोनों ही रहते हैं."

मी टेबलाकडे पाहिलं. त्यावर फळांची टोपली होती. खुर्च्या आत सरकवलेल्या. मी ईश्वरीच्या खोलीकडे धावलो. तिथे इस्त्रीचं टेबल आणि आमच्या बॅगा होत्या, त्यांच्यावर बऱ्याच दिवसांची धूळ. मी तिचं नाव घेऊन ओरडलो. कॉरिडॉरमध्ये, जिन्यात, लिफ्टच्या दारावर मुठी आपटत. पोलिसांपैकी वयाने मोठा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे काहीतरी म्हणाला. शोभना त्यांना सांगत होती की माझ्यावर कामाचा फार ताण आहे. ती रडत होती, माझ्यासाठी.

ते गेल्यावर तिने दारातली चप्पल उचलली. एकच. दुसरी रॅकमध्ये नव्हती.

"कोणाची रे ही?" ती उलटसुलट बघत म्हणाली. "मागच्या भाडेकरूंची असेल. राहू दे, दाराला बरी आहे."

रात्री मुश्ताकचा फोन आला. सिनेमा चॅनलला गेला होता. "क्या बात है, सूर्यकांतभाई! तिसऱ्या खुनाला सांधा कळतच नाय."

"मुश्ताक, अन्वरीवहिनींनी बांगड्या भरल्या होत्या ना? माझ्या मुलीला?"

"भाई," तो फार हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला औलाद नाय म्हणून अन्वरी अजून दुवा मागते. असं काय बोलता?"

मी ती फाइल पुन्हा पुन्हा उकलली आहे. घड्याळ टिकटिकतं आणि पोलीस येतात. मध्ये काही नाही. फोनमधल्या फोटोंत आम्ही दोघंच आहोत, मध्ये जरा जास्त जागा सोडून उभे. शोभना माझ्याशी फार प्रेमाने वागते आणि मला एका चांगल्या डॉक्टरांकडे नेते.

दिवेलागणीला ती निरांजन लावते आणि दारात निळी चप्पल अडकवते. मी आता चेष्टा करत नाही, साखळीही लावत नाही. मी टेबलाशी, शेजारची खुर्ची बाहेर ओढून ठेवून बसतो. बाहेरचे दिवे लिफ्टपासून लागत येतात आणि आमच्या दाराअलीकडे थांबतात. मी फटीकडे बघत असतो. चप्पल जरा जरी हलली तरी मी हात मांडीखाली दाबून ठेवणार आहे, आणि जे येईल ते शेवटपर्यंत बघणार आहे.